बोबेचे एकशे अठरा संवाद

५ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाचा संकल्प म्हणून लोक चालायला लागतात, साखर सोडतात. मी यिद्दिश शिकायला लागले आहे. निमेशला जहाजावर फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "बरं बरं, फार तेलकट नसतं ना?" नवऱ्याला कशाला हसू, महिन्यापूर्वी मलाही काही माहीत नव्हतं.

यिद्दिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची घरातली भाषा. अंगाने जर्मनसारखी, अक्षरं हिब्रूची, उजवीकडून डावीकडे धावणारी. माझ्याकडे ती कामामुळे आली. परदेशी मालिकांची मराठी सबटायटल्स लिहिणं हा माझा धंदा. गोरेगावच्या कंपनीकडून फाइल येते, मी बोरीवलीत घरी बसून करते. एका ओळीत बेचाळीस अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी. नव्या मालिकेचं नाव करारामुळे गुप्त ठेवायचं आहे, म्हणून इथेही लिहीत नाही. (ही वही कोण वाचणार? पण सही केली ती केली.)

मालिकेत एक ज्यू कुटुंब आहे. आजी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'बोबे', फक्त यिद्दिश बोलते. तिची मुलगी डोरा आणि नातवंडं इंग्रजी बोलतात. आम्हाला मिळते इंग्रजी फाइल. तीत बोबे आणि नातू अगदी एकसारखं बोलतात, एकाच शाळेत शिकल्यासारखे. आवाज लावून ऐकलं तेव्हा मी चमकले. ती म्हातारी बोलत नव्हती, भांडत होती, लाड करत होती, सगळं एका दमात. खूप ओळखीचं वाटलं, कुठलं ते कळेना.

म्हणून हा ऑनलाइन वर्ग. दर रविवारी दुपारी दीड वाजता. शिकवणाऱ्या बाईंचं नाव गित्ल. मेलबर्नला असतात, वय एकोणऐंशी, निवृत्त दंतवैद्य. चूक झाली की असं बघतात की दात उपटणार असं वाटतं. संकल्प डिसेंबरातच सुरू केला, म्हणून आज तिसरा वर्ग होता. 'मामे-लोशन' शिकले. मातृभाषा. यिद्दिशला ते लोक नुसतं असंच म्हणतात.

९ जानेवारी, गुरुवार

आई आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता महिनाभर इथेच. दिवसातून चार वेळा थेंब, काळा चष्मा, वाकायचं नाही, धूळ नाही, मासळी विकायला बसणं तर नाहीच. सोनूबाई रामचंद्र कोळी, वय एकाहत्तर, पन्नास वर्षं टोपलीमागे बसलेली बाई, आमच्या सोफ्यावर काळा चष्मा लावून बसली आहे. माझी लेक स्वरदा म्हणते, आजी डॉन दिसते.

आईचं मला एक कोडं आहे. गोराईला कोळीवाड्यात तिची हाक खाडीच्या या काठाला ऐकू येते. इथे आमच्या सोसायटीत आली की गप्प. लिफ्टमध्ये, जिन्यात, कुणी काही विचारलं की मान हलवते, बस. घरातही माझ्याशी आणि स्वरदाशी मोजून मापून बोलते. "पाणी दे." "जेवण छान झालं आहे." पुस्तकातल्यासारखं. फक्त बाल्कनीत उभी राहून मावशीला फोन करते तेव्हा दार लावून घेते आणि आतून धबधबा ऐकू येतो.

फ्लॅटची हवा मानवत नसावी. वयही झालं.

१२ जानेवारी, रविवार

आज गित्लने इतिहास सांगितला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकलेले ज्यूच यिद्दिशला 'जार्गन' म्हणायचे. म्हणजे भाषाच नव्हे, मोडकंतोडकं काहीतरी. शिकल्यासवरल्या माणसाने ते बोलू नये. बोलणारे पुष्कळ तर युद्धात मारलेच गेले. जे वाचून दूरच्या देशांत गेले, त्यांची मुलं शाळेत जायला लागली आणि त्यांना घरच्या भाषेची लाज वाटू लागली. कमाल आहे. इतकी रसरशीत भाषा, आणि लाज!

मग तिने प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरातली भाषा कोणती? वॉर्साची विद्यार्थिनी म्हणाली पोलिश. मी म्हणाले मराठी. गित्लने विचारलं, "आजीचीही तीच?" मी म्हणाले, हो, साधारण तीच.

१५ जानेवारी, बुधवार

विशालला फोन केला. हा आमचा कंपनीतला समन्वयक, म्हणजे घड्याळ लावलेला माणूस. मी म्हटलं, बोबेची मराठी वेगळी हवी. ती आणि डोरा एकच मराठी बोलल्या तर मालिकाच मेली.

"ताई, आजी ती आजी, मराठी ती मराठी. मध्येच कुठे टाइमपास?"

"अरे, दोघी एकमेकींना कळतच नाहीत, हाच तर विषय आहे."

"मग काय, मालवणी लावता? मालवणी चालते. लोक हसतात."

"हसवायचं नाहीये रे."

मग माझ्या तोंडून गेलं, "कोळी." तो म्हणाला, "येते तुम्हाला?" मी म्हणाले, कोळ्याची पोर आहे मी, येणार नाही तर काय. त्याने दहा फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली. बोबेचे सगळे एकशे अठरा संवाद कोळी बोलीत, वाचणाऱ्याला कळेल असे. दहाला फाइल आली नाही, किंवा धेडगुजरी आली, तर तो सरळ प्रमाण मराठी टाकून मोकळा होणार. आईची डोळ्याची शेवटची तपासणीही दहालाच आहे. त्यानंतर ती इथे एक दिवस टिकणार नाही.

फोन ठेवला. येते मला? शेवटची कधी बोलले?

१८ जानेवारी, शनिवार

वाट लागली. तीन दिवसांत अकरा संवाद, अकराही खोटे. 'मना', 'तुना', 'हाय', 'नाय' पेरले की कोळी होते असं वाटलं होतं. वाचून बघितलं तर सिनेमातल्या कोळिणीसारखं झालं आहे, नाकात नथ घालून नाचणारी.

आईला विचारलं. समोर लॅपटॉप, शेजारी खुर्ची. "आई, 'तू जेवलास का' हे आपल्यात कसं म्हणतात?"

ती चष्मा सारखा करून म्हणाली, "तू जेवलास का."

"अगं, आपल्यात."

"असंच म्हणतात."

पाच वाक्यं विचारली, पाचही मला शाळेतल्या मराठीत परत दिली. मी वैतागले. ती उठून देवघर पुसायला गेली. आता तिला कसं समजावू की मला तीच भाषा हवी आहे जी ती बाल्कनीत बोलते?

१९ जानेवारी, रविवार

वर्गात गंमत झाली. माझ्या मागून आई पाण्याची बाटली घेऊन चालली होती, ती कॅमेऱ्यात आली. गित्लने हात हलवून यिद्दिशमध्ये नमस्कार केला. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली आणि गेली.

गित्ल म्हणाली, "तुझी आई?" हो. "ती नेहमी आधी तुझ्याकडे बघते?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला नीट दिसत नाही. गित्लने क्रियापदं घेतली. मला उगाच राग आला, आणि राग आला म्हणून क्रियापदं चुकली.

२३ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस लिहायला दोन पानं लागणार.

चौथ्या भागात एक मेजवानी आहे. बोबे पाहुण्याला सांगते की तुझ्यासाठी खास अमुक केलं आहे. त्या पदार्थाचं नाव इथे कुणालाच कळणार नाही, म्हणून मी आपल्यातला मानाचा पदार्थ घातला. आपल्यात पाहुणा मोठा असला की काय करतात? चिंबोरीचं कालवण. खेकड्यापुढे जावयालाही बोलता येत नाही. वाक्य मस्त बसलं, अडतीस अक्षरांत. खूश होऊन मी आईला वाचून दाखवलं, आणि म्हटलं, ही ज्यू लोकांची आजी आहे बरं का.

आई स्वयंपाकघरात होती. सकाळी मी बोय मासळी आणली होती, आणि डॉक्टरांचा नियम मोडून ती काळा चष्मा लावून साफ करायला बसली होती. सुरीखाली खवले उडत होते. ती न बघताच म्हणाली, "त्यांना चिंबोरी चालत नाय."

"कोणाला?"

"शनवारतेल्यांना. चिंबोरी नाय, कोलंबी नाय, मुशी नाय, वाम नाय. खवल्याची मासली लागते. पोवायचा पर पन व्हया नि खवला पन व्हया."

कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, यांना जुनी माणसं शनिवारतेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून, एवढं मला वाचून माहीत. आईला कुठून?

"सेगुलाबाय व्हती ना. बाजारात यायची. वीस वर्सं माजी गिऱ्हाईक. आदी खवला दाखव सोनू, मंग भाव सांग. मी म्हनायची, गो बाय, पापलेटचा खवला बारीक असतो, हात लाव नि बग. ती हात लावायची, जीभ लावायची बाकी ठेवायची. अशी भांडायची!" आई हसायला लागली. हातात अर्धी बोय, चष्म्यावर दोन खवले. "मंग पोरांच्या बरोबर त्यांच्या देसात गेली. जायच्या दिशी आली. सांगते कशी, सोनू, तिकरं मासली मिलंल गो, पन भांडायला तू कुटं मिलशील?"

इतकं ती माझ्याशी सलग कधी बोलली होती? मी लॅपटॉप तिथेच आणला आणि दुसऱ्या भागातला मासळीबाजाराचा प्रसंग लावला. बोबे एक मासा उचलते, कल्ल्यात बोट घालते, तोंड वाकडं करते, दुकानदाराला सुनावते. आईला यिद्दिशचं अक्षर कळत नाही. तरी ती म्हणाली, "शिला हाय सांगते ती. बरोबर सांगते. डोला बग त्याचा, खाली गेलाय." मूळ यिद्दिशमध्ये बोबे म्हणते की हा मासा माझ्या लग्नालासुद्धा आला होता. इंग्रजी फाइलमध्ये आहे, 'हा मासा ताजा नाही.' मी विचारलं, तू असतीस तर काय म्हणाली असतीस? आईने पडद्यातल्या दुकानदाराकडे सुरी रोखली.

"याला मरून चार दिस झालं, नि तू आजून बारसं करतस?"

मी टाइप करायला धावले. तेवढ्यात बेल वाजली. शेजारची दीप्ती सामंत. हातात ॲपवरून मागवलेली पापलेटं. "काकू, बघा हो जरा, ताजी आहेत ना? आज सासूबाई यायच्यात." आईने पिशवीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. दीप्ती खूश होऊन गेली.

त्यानंतर आई पुन्हा "जेवायला वाढू का" वर आली.

२६ जानेवारी, रविवार

चिंबोरीची गोष्ट वर्गात सांगितली. गित्ल हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. म्हणाली, बोबेने खेकडा वाढला असता तर पाहुणा नव्हे, पूर्वजसुद्धा उठून गेले असते. मग माशांवरच वर्ग चालला. हे लोक मासा वाटून त्याचे गोळे करतात. गित्लच्या पोलंडकडच्या घराण्यात त्यात साखर घालतात, उत्तरेकडचे मिरी घालतात, आणि दोघं एकमेकांना माणसांत धरत नाहीत. (आईला सांगितलं. "मासलीत साखर? येरी झाली काय ती?" मग एकदम गप्प.)

शेवटी गित्लने, का कोण जाणे, स्वतःची एक आठवण सांगितली. ती नऊ वर्षांची असताना आईबरोबर मेलबर्नच्या ट्राममधून चालली होती. आई मोठ्याने यिद्दिश बोलत होती, लोक वळून बघत होते. गित्ल म्हणाली, "शा, मामे." म्हणजे, चूप, आई. आई चूप झाली. ट्राममध्ये झाली, मग दुकानात झाली, मग गित्लच्या मैत्रिणी आल्या की घरातही. म्हातारपणी इस्पितळात तिची इंग्रजी पुसून गेली, राहिली फक्त यिद्दिश. ती तासन्‌तास बोलायची आणि गित्लला त्यातलं निम्मं कळत नसे. आई गेल्यावर, पन्नाशीत, गित्ल पहिल्यापासून शिकली. "माझं यिद्दिश आता उत्तम आहे," म्हणाली, "फक्त उत्तर द्यायला कोणी नाही."

फार वाईट वाटलं. पण ती हे सगळं माझ्याकडे बघून का सांगत होती कळलं नाही. धड्यात तर भाज्यांची नावं होती.

३० जानेवारी, गुरुवार

युक्ती सापडली! आई टेबलाशी बसली की शाळेत जाते. हातात मासा असला की कोळीवाड्यात येते. हात ओले झाले की तिचं तोंड सुटतं. मी विचारायचंसुद्धा नाही, नुसता प्रसंग सांगायचा. "एक बाई आहे, तिचा नातू जेवत नाहीये," की आई बोय खरवडता खरवडता त्या नातवाला झाडते. मी ओट्याला लॅपटॉप टेकवून लिहून घेते.

त्यामुळे आमच्याकडे रोज मासे. बोय, मांदेली, काल पालू. पालूच्या काट्यांनी स्वरदा रडकुंडीला आली. "आई यार, एक दिवस तरी पनीर!" पण तीही आता ओट्याजवळ घुटमळते. आजीचे शब्द शाळेत जाऊन वापरते म्हणे. मी म्हटलं, शाळेत कशाला? ती म्हणाली, "का? मस्त आहेत." 

एकसष्ट झाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एकशे दोन. मी लिहिते आणि मला माझंच बालपण ऐकू येतं. 'आवरं', 'तवरं' म्हणजे एवढं, तेवढं. 'कला' म्हणजे कशाला. हे शब्द माझ्याकडे होते. कुठे ठेवले होते मी?

घरात आजकाल मासळीचा वास आहे आणि मला तो आवडतो आहे. हे मी फक्त इथेच लिहू शकते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज सहाव्या भागातला बँकेचा प्रसंग होता. बोबे रांगेत उभी राहून यिद्दिशमध्ये मोठमोठ्याने काहीतरी सांगते. लोक बघतात. डोरा दबक्या आवाजात दोन शब्द बोलते. फाइलमध्ये 'आई, प्लीज'. मी आवाज लावला तर काय, गित्लचंच वाक्य. "शा, मामे." संवाद डोराचा आहे, बोबेचा नाही, पण तो नीट बसल्याशिवाय बोबेचं पुढचं गप्प होणं बसत नव्हतं.

आई रावस कापत होती. मी प्रसंग सांगितला. आई भर बँकेत मोठ्याने बोलते आहे, मुलीला लाज वाटते आहे, मुलगी आईला हळूच काय म्हणेल?

आईने सुरी थांबवलीसुद्धा नाही. म्हणाली, "तू बोलू नकोस. नुसती मान हलव."

स्वच्छ शाळेतल्या मराठीत.

मी म्हटलं, "वा! हे कुठून सुचलं?"

"सुचलं नाय. तू सांगलेलं."

"मी? कधी?"

"तू आटवीत व्हतीस. शालेत पालकांची सबा व्हती. मी बाजारातनं तशीच आलेली, टोपली फाटकाशी ठेवून. बाईंशी बोलली, त्या पोरी हसल्या. रस्त्यात सांगलंस मना. आई, तू शाळेत आलीस तर बोलू नकोस, नुसती मान हलव." तिने रावसाचं डोकं वेगळं केलं, कल्ले काढून टाकले. "मंग मी हालवते."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. कुणी दिलेला निरोप जपून ठेवावा तसा तिने तो तीस वर्षं सांभाळला होता. शाळेत, कॉलेजात, माझ्या लग्नात, या सोसायटीत. मी एकदाही तो परत घेतला नाही, म्हणून तिने तो मोडला नाही. आणि मला आठवतसुद्धा नव्हतं. आता आठवतं आहे. फाटकाशी ठेवलेली टोपली, वर ओलं फडकं. मी तिच्या दोन पावलं पुढे चालत होते.

आईनेच विचारलं, "रावस कालवनात टाकू, का तलू?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काही लिहिलं नाही. फाइलही नाही. भाजी केली.

मला माझी लाज वाटते आहे. आठवून आठवून वाटते आहे. यिद्दिशबद्दल लिहिलेलं वाचलं मागे जाऊन. 'कमाल आहे, इतकी रसरशीत भाषा आणि लाज.' 'फ्लॅटची हवा मानवत नसावी.' ही वही जाळावी असं वाटलं. मग वाटलं, नको, राहू दे.

८ फेब्रुवारी, शनिवार

एकच संवाद उरला आहे, एकशे अठरावा. शेवटच्या भागात बोबे अंथरुणाला खिळली आहे, कित्येक दिवस कुणाशी बोललेली नाही. डोरा, जी सबंध मालिकेत त्या 'शा, मामे'पलीकडे एक यिद्दिश शब्द बोलत नाही, ती पहिल्यांदा आईच्या भाषेत म्हणते, 'माझ्याशी बोल, मामे.' मग बोबेचं शेवटचं वाक्य.

काल दिवसभर मी माफीची वाक्यं जुळवत होते. प्रमाण मराठीत फार छान जुळत होती. सगळी खोटी.

सकाळी बाजारातून बोय आणली. आई ओट्याशी बसली. मी लॅपटॉप आणला नाही. प्रसंग सांगितला नाही. दारात उभी राहिले आणि म्हटलं,

"आये."

शाळेत गेल्यापासून मी तिला 'आई' म्हणते. तिची सुरी थांबली.

"आये, मी चुकली गो. मना समाजलंच नाय. तू बोल ना. माजेशी बोल."

शब्द धड आले नाहीत. काही कोळी, काही काहीच नाही. मी रडत होते, नाक वाहत होतं. आईने काळा चष्मा कपाळावर सरकवला, जे डॉक्टरांनी अजिबात करू नका म्हणून सांगितलं आहे, आणि माझ्याकडे त्या नव्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं.

"बोलते ना," ती म्हणाली. "बस आदी. उबी कला हास?"

मी जमिनीवर बसले. तिने एक बोय माझ्यापुढे सरकवली, साफ करायला. मला जमेना. खवले उलट्या बाजूने काढायचे असतात, हेही मी विसरले होते. तिने माझा हात धरून दाखवलं आणि ती बोलत राहिली. काय काय बोलली ते इथे लिहिणार नाही. ते करारातलं नाही, पण गुप्त आहे.

दुपारी एकशे अठरावा संवाद भरला. 'बस आदी. उबी कला हास?' अठरा अक्षरंसुद्धा नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

वर्गात आई शेजारी येऊन बसली, स्वतःहून. गित्लने नमस्कार केला. आई म्हणाली, "तिला सांग, साखर नको घालू, कोकम घाल." मी भाषांतर केलं. गित्ल म्हणाली, "आईला सांग, माझ्या आईनेही असाच वाद घातला असता." दोघी तासभर माझ्यामार्फत भांडल्या. वर्ग काही झाला नाही. शेवटी गित्ल मला एकटीला उद्देशून म्हणाली, "तू वेळेवर शिकलीस." मी म्हटलं, यिद्दिश अजून कुठे येतं मला? ती नुसती हसली.

१० फेब्रुवारी, सोमवार

फाइल दुपारी पाठवली. संध्याकाळी विशालचा फोन. "ताई, मला पहिल्या भागात काही झेपलं नाही. दुसऱ्या भागात सवय झाली. शेवटच्या भागात ऑफिसात रडलो यार, लोक बघत होते." मग लगेच कामावर आला. चौदा शब्द बदला, ते कुणालाच कळणार नाहीत. मी भांडून आठवर आणले. सेगुलाबाईला आवडलं असतं.

डॉक्टर म्हणाले डोळा उत्तम. आईने लगेच पिशवी भरली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईला गोराईच्या बोटीपर्यंत सोडायला निघाले. सातव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरलो तर मागोमाग दीप्ती, ऑफिसला निघालेली.

"निघालात काकू? डोळा बरा आहे ना आता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. सवयच ती. मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. सात गेला, सहा आला.

"डोला बरा हाय गो," आई म्हणाली, "पन तुजं त्या दिसाचं पापलेट बरं नव्हतं. शिलं व्हतं. मना दिसलेलं, तरी मी मान हालवली. माजी चूक झाली, बाय. सासूचं पोट दुकलं काय?"

दीप्तीचं तोंड उघडं. "अहो काकू, दुखलं ना! दोन दिवस!"

"दुकनारच! त्या मोबाइलवर मासली घेतात काय कदी? कल्ला उघरून बगितलास? बोट दाबून बगितलंस? आता आयक..." आणि तिने दीप्तीचा हात धरून, तिच्याच तळव्यावर अंगठा दाबून, ताजा मासा कसा परत वर येतो ते दाखवायला सुरुवात केली. आवाज असा की पाचव्या मजल्यावर कुत्रं भुंकलं.

तळमजला आला. दार उघडलं. आईची अजून सुरमईसुद्धा सांगून झाली नव्हती. मी बाहेर आले आणि दार बंद होऊ नये म्हणून हाताने धरून उभी राहिले.